विलासचा हिरवा चौकोन

आमच्या भिसेगावात ज्याच्या घराला गॅलरी आहे, त्याला टीव्हीची गरज नाही. माझ्या गॅलरीसमोर तर चक्क मैदान! तिथे 'क्रीडांगण व्यवस्थापक प्रशिक्षण वर्ग' सुरू झाला. म्हणजे खेळाच्या मैदानावरचं गवत कसं सांभाळायचं, त्याचा क्लास. हसू नका! गवताचाही क्लास असतो. तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांचा चहा निवतो, पण माझे किस्से संपत नाहीत.

क्लासमध्ये आमचा शेजारी विलासही होता. रसायनीच्या कारखान्यातली नोकरी गेलेली. खालापूरच्या बाजूला एका नव्या टाउनशिपला ग्राउंड मॅनेजर हवा होता. परीक्षेत पहिला येईल त्याला नोकरी. नाहीतर शेलूला मेव्हण्याच्या चिकन सेंटरवर उभं राहायचं. आणि आमचा विलास असा, की कोंबडीच्या आधी हाच डोळे मिटतो! त्याची बायको सुरेखा रोज डबा देताना बजावायची, "अहो, नीट शिका. नायतर दादाचा ॲप्रन तयारच हाय!"

*

शिकवायला पुण्याहून सर आले. परदेशातल्या स्टेडियमवर काम केलेले, असं ते स्वतःच सांगायचे. पण सरांना ऊन सोसेना! मग क्लास भरला समाजमंदिरात, पंख्याखाली. डेकोरेटरकडून हिरवं कार्पेट आणून अंथरलं.

"समजा, हे गवत आहे," सर म्हणाले आणि त्यावरून गवत कापायचं बंद मशीन ढकलत फिरले.

विलासने हात वर केला. "सर, मग ह्याला पाणी मारायचं का झाडू?"

"इमॅजिन करा हो जरा!"

सगळ्यांनी आठवडाभर इमॅजिन केलं. एके दिवशी विलास दहा वाजताच घरी परतला. सुरेखा लाटणं हातात घेऊनच दारात आली. "काढलं का काय तुमाला?"

"नाय गं. सुट्टी हाय. ग्राउंड साखरपुड्याला गेलंय."

*

एकदाचं सरांनी पोरांना मैदानात उतरवलं. एका कोपऱ्यात गवताची रोपं करायची होती. "वाफा असा तयार करा, की तणाचं नाव दिसता कामा नये," एवढं सांगून सर रिसॉर्टवर जेवायला गेले.

आता क्लासमधले बहुतेक भातशेतीवाल्या घरांतले. आपल्याकडे भाताची रोपं करायची तर आधी काय करतात? राब! शेण, पाला, फांद्या पसरायच्या आणि जमीन मस्त भाजून काढायची. पोरांनी तेच केलं. मी गॅलरीतून दोरीवरचे कपडे काढेपर्यंत धूर स्वयंपाकघरात!

सर ढेकर देत आले ते धावतच. धुरातून विलास बाहेर आला, तोंड काळं, दात पांढरे.

"सर, तण नाय राहिलं!"

"अरे, पण खाली स्प्रिंकलरचा पाइप होता!"

विलासने मागे वळून नीट बघितलं. "तो पण नाय राहिला."

*

नवा पाइप आला. गवत उगवलं. कुठून तरी बातमी लागली आणि नाक्यावरच्या गोठ्यातली म्हैस आत शिरली. सर छत्रीखालून ओरडले, "हाकला तिला! कापणीची उंची बिघडेल!"

"सर, मशीनपेक्षा सारखं कापतेय," विलास म्हणाला. "आणि खत पण टाकतेय, बघा."

सर चिडले, लाल झाले. पण दुसऱ्या दिवशी क्लास चालवणाऱ्या संस्थेचे लोक पाहणीला आले, तेव्हा हेच सर छाती काढून सांगत होते, "इथे आपण पूर्ण ऑरगॅनिक पद्धत राबवतो!"

*

मग परीक्षा ठरली. प्रत्येकाला मैदानाचा एकेक चौकोन मिळाला. त्यावर तयार गवत बसवायचं आणि जगवायचं. चटईसारख्या गुंडाळलेल्या गवताचा टेंपो निघाला, तो आधी गेला भाऊसाहेबांच्या बंगल्यावर. भाऊसाहेब म्हणजे क्लासचे अध्यक्ष, आणि गावातल्या बाकी सगळ्याचेही. म्हणे, गवताची पूजा करायची आहे!

पूजा झाली. टेंपो मैदानात आला तो निम्मा रिकामा!

दोन दिवसांनी बघते तर भाऊसाहेबांच्या अंगणात, जिथे नुसता मुरूम होता, तिथे हिरवंगार लॉन! मी काही मुद्दाम बघायला गेले नव्हते. दूध आणायला तो रस्ता थोडा लांबचा पडतो, एवढंच.

इकडे गवत कमी पडलं. कुणाला नाही द्यायचं? ज्याने पाइप जाळला त्याला! विलास बिचारा बंगल्यावर गेला. "साहेब, माझा चौकोन बोडका राहिला. परीक्षा हाय."

भाऊसाहेब नव्या लॉनवर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "अरे, गवतच ते. उगवंल! निसर्गावर विश्वास ठेव."

त्या दिवशी सुरेखाने ॲप्रनला इस्त्री केली.

*

परीक्षेच्या आधी भाऊसाहेब सहकुटुंब अलिबागला लग्नाला गेले होते. तिथूनच थेट मैदानावर येणार होते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी दुधाला निघाले, तर मैदानाच्या गेटाशी मेव्हण्याचा चिकनचा टेंपो! विलास घामाने निथळत होता.

"काय रं विलास, सकाळी सकाळी कोंबड्या?"

"वहिनी, तुमी काय बघितलं नाय हां!"

"मी काय बघणार? चष्मा घरीच राहिलाय माझा."

दहा वाजता मुंबईच्या परीक्षक मॅडम आल्या. सगळे चौकोन फिरल्या. कुणाचं गवत पिवळं, कुणाचे सांधे उघडे. विलासच्या चौकोनाशी थांबल्या. दाट, मऊ, हिरवागार! फक्त मधे दोन पांढरी पिसं.

"हे काय?"

"बगळे येतात, मॅडम."

मॅडमनी तिथल्या तिथे पहिला नंबर दिला. तेवढ्यात भाऊसाहेबांची गाडी आली. नारळ फुटला, हार झाले, आणि भाऊसाहेबांनी स्वतः माइकवरून जाहीर केलं, की खालापूरची नोकरी आपल्या विलासला! सुरेखाने कुंपणापलीकडून पदर डोळ्यांना लावला.

भाऊसाहेब चपला काढून त्या चौकोनावर चालले. खाली वाकून गवतावरून हात फिरवला. खूश झाले.

"कमाल केलीस रं! असलं लॉन माझ्या बंगल्यापुढं पण नाय!"

विलासने दोन्ही हात जोडले.

"आजपासून नाय, साहेब!"