बाईंच्या आडनावाची माणसं

युद्धाच्या दिवसांत मी तुंगार्लीच्या एका बंगल्यावर टाइपरायटर बडवायला जात असे. बंगला एका अमेरिकन विधवा बाईंचा. तीस वर्षं इथं काढून त्या माझ्याहून शुद्ध मराठी बोलत. त्यांच्या नवऱ्याचं आडनाव अमेरिकेतही विरळाच, आणि त्या आडनावाच्या ज्या माणसांनी तिथल्या इतिहासात नाव काढलं, त्यांचं पुस्तक बाई लिहीत होत्या. एक न्यायाधीश, एक गलबताचा कप्तान, पळालेल्या गुलामांना तळघरात लपवणारा एक धर्मोपदेशक. फासावर गेलेला एक घोडेचोरही होता. त्याला गाळा म्हटलं तर बाई माझ्यावरच रागावल्या. सगळ्यांच्या तसबिरी भिंतीवर ओळीनं लावलेल्या. शेवटची बाईंच्या एकुलत्या एका मुलाची, वैमानिकाच्या वेषातली. तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. ते आडनाव पुढं चालवणारा तोच एक उरला होता.

श्रावण संपता संपता त्याची पत्रं थांबली. फाटक वाजलं की लिहिता लिहिता बाईंचा हात थांबे. मला त्या खोलीत बसणं नकोसं झालं.

बंगल्याचा टाकवे गावचा म्हातारा माळी एकदा फुलं ठेवायला आत आला आणि तसबिरींपुढं उभा राहिला.

"ही समदी मडमबाईंच्या घरातली व्हय?"

"हो आबा, एकाच आडनावाची."

"गेल्याली?"

मी कागदावरून मान वर केली नाही. "गेलेली," म्हणाले.

सर्वपित्री अमावास्येला दुपारी मागच्या अंगणात पाहते तर अकरा पानं वाढलेली. भात, वडे, खीर. माळ्यानं घरून करवून आणलेलं.

"बाईस्नी ह्यातलं कळत न्हाई," तो म्हणाला. "मग त्यांच्या मानसांना कोन घालनार? तसबिरी मोजून आनलंय."

चूक माझी, पण खेकसले त्याच्यावर. "शेवटचा जिवंत आहे आबा!"

कौलांवर कावळे जमले होते. एकही खाली उतरायच्या आत मी अकरावं पान उचललं आणि ओढ्यात भिरकावलं.

संध्याकाळी माळ्यानं बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. धाकट्या सायबाचंबी पान चुकून वाढलं, एवढंच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही.

पंधरा दिवसांनी तार आली. अमावास्येच्या तीन आठवडे आधी विमान जंगलात कोसळलं होतं. देह मिळाला नव्हता. बाईंनी तार दोनदा वाचली आणि बोटांवर दिवस मोजले.

"म्हणजे माळ्याचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "त्याच्या पानाला कावळा शिवला होता का ग?"

"शिवला," मी म्हणाले. "सगळ्यांत आधी त्याच्याच."