तापातली शहाणी पोर

घाटकोपरला मी पोळ्या करते त्या घरातल्या ताईंनी मला एका परदेशी कादंबरीतल्या पोराची गोष्ट सांगितली. ते देवाधर्माचं बोलतं, म्हणून मोठी माणसं त्याला तपासायला नेतात. आपल्या गोष्टींत अशा पोराच्या पाया पडतात.

माझी आठ वर्षांची मुलगी तापात म्हणाली, "आई, रडू नको. मी आधीही जन्माला येऊन गेलेय." सासूबाईंनी तिच्यापुढे नारळ ठेवला. शेजारणी पाया पडू लागल्या.

"आता औषध कशाला गं? पोर योगी आहे," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. मुलीला उचललं आणि दवाखाना गाठला. सुई टोचताना तिच्या कानात म्हटलं, "रड गं, इतर पोरांसारखी रड."

ती माझेच डोळे पुसत होती.