ऊर्जानगरची कार्डताई

नवं यंत्र सुरू झालं की सगळे आधी पडद्याकडे बघतात. आमची कार्डताई आधी डोळे मिटायची. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला कान लावून पंख्याची घरघर ऐकायची आणि म्हणायची, "थांबा जरा, ते काय म्हणते ते ऐकू द्या."

चंद्रपूरच्या ऊर्जानगरला आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये ती राहायची. वडील वीज केंद्रात नोकरीला, ती नुकतीच इंजिनिअर झालेली. गेममधलं चित्र पडद्यावर उमटवतं ते ग्राफिक्स कार्ड. अशा कार्डांची पारख करून ती आपल्या बोलीत व्हिडिओ टाकायची. नागभीड, चिमूरकडची पोरं तिला विचारल्याशिवाय कार्ड घेत नसत. खोटी स्तुती तिच्या जिभेवर यायचीच नाही. एकदा गेममधलं जंगल बघून आम्ही कॉलनीतली पोरं वा वा करत होतो, तर ही म्हणाली, "झाडं मस्त हायेत. पण गवत काऊन सारं एकाच बाजूनं हालून राह्यलं? ताडोबात असं हालते का?"

गेल्या मे महिन्यात एका कंपनीनं आपलं सगळ्यात वेगवान कार्ड तिच्याकडे तपासायला पाठवलं. असं पहिल्यांदाच घडत होतं. कार्ड इतकं लांब, की कॅबिनेटमधली एक जाळी काढली तेव्हा कुठे ते आत बसलं. मग मोटारशर्यतीचा गेम सुरू झाला. ओल्या रस्त्यावर दिवे चमकत होते, प्रत्येक वळणावर समोरच्या गाडीच्या काचेत मागचे डोंगर दिसत होते, आणि कुठे म्हणून झटका नाही. ताई खुर्चीतून उभीच राहिली. "आई, हे पाह्य न, कसं पाण्यावानी चालून राह्यलं!" कणकेच्या हातांनी काकू बाहेर आल्या आणि आमच्यात उभ्या राहून शर्यत बघू लागल्या.

तासाभरानं चित्र अडखळायला लागलं. आमच्या उन्हाळ्यात कार्ड तापलं होतं आणि जळू नये म्हणून स्वतःच मंदावत होतं. ताईचा चेहरा उतरला.

मी म्हटलं, "आमच्या घरी एसी हाये. तिकडे लावू न."

"मंग ते तुमच्या एसीची परीक्षा होईन, कार्डाची नाई."

"पण असं सांगितलं तर कंपनी पुन्हा काही पाठवणार नाई."

"नको पाठवू दे. नागभीडचा पोरगा हे टिनाच्या खोलीत लावीन. त्याले काय सांगू मी?"

कार्ड कमी तापावं म्हणून पुढचे काही दिवस ती त्याला मिळणारी वीज थोडी थोडी कमी करत बसली. एका रणरणत्या दुपारी तिनं खोलीतला कूलरही बंद केला. आम्ही घामानं निथळत होतो, पण शर्यत कुठेही अडली नाही. वेग किंचितच कमी झाला होता. कार्ड का अडखळलं आणि ते कसं सुधारलं, दोन्ही तिनं व्हिडिओत जसंच्या तसं सांगितलं.

कंपनीचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. आता बोलणी बसणार असं वाटलं. पण त्यांनी तिला हैदराबादच्या तपासणी विभागात नोकरीच देऊ केली. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात धावली. मग आईच्या गळ्यात पडून हसत सुटली.

जाताना तिनं मॉनिटर दुलईत गुंडाळून मांडीवर घेतला होता. गाडी हलली तशी खिडकीतून हात हलवत राहिली.

परवा तिचा फोन आला. तिथं एका बंद खोलीत हवा पाहिजे तेवढी तापवून कार्ड तपासतात. पहिल्याच दिवशी साहेबांनी विचारलं, खोली किती तापवायची?

"म्या म्हटलं, चंद्रपूर करा."