पाण्याकडे पाठ

आमच्या मेहरूणच्या महिला मंडळात नाच म्हटलं की मी. हे मी स्वतःच सांगतेय म्हणून कुणी नाक मुरडायचं कारण नाही, कारण दुसरं कुणी सांगणारही नाही. नवरात्रातला गरबा मी बसवते, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातला नाच मी बसवते, आणि श्रावणात शिंदखेड्याजवळच्या आमच्या सासरच्या गावी कानबाई देवीची मिरवणूक निघते तेव्हा सगळ्यांत पुढे मीच असते. त्यामुळे पुण्याहून नाच बसवणाऱ्या एका बाईंचा मंडळाकडे निरोप आला, की कोकणात समुद्रकिनाऱ्यावर मोठा समूहनृत्याचा कार्यक्रम आहे आणि त्यात खानदेशातल्या बायका हव्यात, तेव्हा मी मनातल्या मनात पिशवी भरायलाही घेतली होती.

अट एवढीच होती की बायका साध्यासुध्या, घरच्या हव्यात आणि त्यांना वाळूत नाचता आलं पाहिजे. बायका जमवायचं काम माझ्याकडे आलं. आता वाटतं, तिथेच माझं चुकलं. लग्नाच्या मुलीनेच पाहुण्यांना वाढायला उभं राहावं, तसं झालं ते.

घरोघरी फिरले. एकीच्या मुलाची परीक्षा, एकीच्या नवऱ्याचा डबा, एकीचे गुडघे. पण खरी अडचण वेगळीच होती आणि ती कुणी तोंडाने बोलत नव्हतं. समुद्रकिनारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमा येतो. सावद्याच्या एका ओळखीच्या बाईच्या नवऱ्याने मात्र मला फोनवर सरळच विचारलं, "वहिनी, कपडे कुठले घालायचे असतात हो तिथे?" मी म्हटलं, "भाऊ, सहावारी साडी आणि पदर खोचलेला. तुम्ही पण या बघायला." तो आला नाही, पण बायको आली.

तरी एक-दोन बायका कमी पडत होत्या. मग मी गावाकडे धाकट्या जावेला फोन लावला.

ही जाऊ म्हणजे माझ्या दिराची बायको. शेती, गाय आणि सासूबाई असं सगळं तीच बघते. आडव्या बांध्याची, तोंडाचा पट्टा सतत चालू. शेजारच्या म्हशीला रेडकू झालं तरी मला फोनवर तासभर त्याची हकिगत ऐकावी लागते. नाचायचं म्हणाल तर तिला मी आयुष्यात नाचताना पाहिलेलं नाही. मी फक्त बायका भरायच्या म्हणून तिला बोलावलं होतं.

"माले कसाले, अक्का? मी काय नाचस?" ती म्हणाली.

"मागे उभी राहा. तुला कोण बघणार आहे?" मी म्हटलं. माझा शब्द ती कधी खाली पडू देत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने आली.

पुण्याच्या बाई आल्या. बारीक कापलेले केस, सुती कुर्ता, पायात काही नाही. गिरणा नदीच्या पात्रात आम्हाला घेऊन गेल्या. एकेकीला म्हणाल्या, येत असेल ते नाचा. माझी पाळी आली तेव्हा मी काही हातचं राखलं नाही. वाळूत पाय रुतत होते तरी गिरक्या घेतल्या, शेवटी खाली बसून उठले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "छान. शाळेत बक्षिसं मिळवली असतील तुम्ही." मी खूश झाले. त्या ज्या सुरात बोलल्या तो मला घरी गेल्यावर कळला.

मग त्यांनी सगळ्यांना एकत्र उभं केलं. समोर थोडं पाणी साचलं होतं. म्हणाल्या, "आता काही ठरवू नका. डफ वाजेल. नाचत नाचत पाण्यापर्यंत जा, बस."

डफ वाजला आणि आमच्या सगळ्या बायका गर्रकन वळल्या आणि पाण्याकडे पाठ करून उलट्या पावलांनी नाचत निघाल्या.

बाहेरच्या माणसाला हे वेड्याचं लक्षण वाटेल. पण आम्हाला नाचत पाण्याकडे जायची एकच रीत ठाऊक आहे, ती कानबाईची. श्रावणात कानबाई एका दिवसाची पाहुणी येते. भावकी एका घरात जमते, रोटांचा नैवेद्य होतो, आणि दुसऱ्या दिवशी कानबाई म्हणून पुजलेल्या, नथ-ओढणी ल्यालेल्या नारळाचा चौरंग घरातली एक सून डोक्यावर घेते आणि नदीकडे निघते. बाकीच्या बायका तिच्यापुढे नाचतात. देवीला पाठ कशी दाखवायची? म्हणून त्या तोंड देवीकडे ठेवून उलट्या चालतात. इथे देवी नव्हती, चौरंग नव्हता, काहीच नव्हतं. तरी पाण्याचं नाव निघालं आणि पाय आपोआप वळले. एकटी मी तेवढी सांगितल्याप्रमाणे तोंड पाण्याकडे करून निघाले होते, आणि मागून उलट्या येणाऱ्या दोघी माझ्यावर आदळल्या. चूक लक्षात आली तशा सगळ्या हसायला लागल्या. कुणी तोंडाला पदर लावला, तरी पाय काही थांबेनात.

माझी जाऊ मागेच उभी होती. सगळ्यांची तोंडं आपल्याकडे वळलेली बघून तिला काय वाटलं कोण जाणे, तिने एक हात डोक्यावर नेला, जणू चौरंगच धरलाय, आणि मान ताठ ठेवून सावकाश चालायला लागली. नाचणाऱ्या बायका मागे सरकत गेल्या, ती पुढे येत गेली. हसणं बंद झालं.

पुण्याच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला होता. डफ थांबल्यावर त्या धावत गेल्या आणि जावेचे दोन्ही हात धरले. "हेच. हाच आपला नाच. तुम्ही मधे."

माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजपर्यंत दुखतंय.

"म्हंजे मी हिरोईन शे का?" जाऊबाईंनी विचारलं, आणि सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले. दात दाखवायला काय जातं?

आता खरं सांगायचं तर कानबाई डोक्यावर घेण्याचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे माझा. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी घेतलीसुद्धा. पण डोक्यावर चौरंग असला की नाचता येत नाही, मान अवघडते, आणि लोक बघतात ते देवीकडे. खाली तोंड कुणाचं आहे याच्याशी कुणाला घेणंदेणं नसतं. म्हणून धाकटी आली त्या श्रावणात मी तिला म्हटलं, तू घे, मी पुढे नाचते. मोठ्या मनाची थोरली जाऊ म्हणून माझं कौतुकही झालं होतं.

मी बाईंना बाजूला घेतलं. "आमच्याकडे हा मान थोरल्या सुनेचा असतो. ती माझी धाकटी जाऊ आहे."

"असं? मग तुम्ही करून दाखवा."

मी हात डोक्यावर नेला. मान ताठ. पावलं सावकाश, डफावर. चेहऱ्यावर भक्तिभाव आणला. बाईंनी मला अर्ध्यातच थांबवलं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या डोक्यावर काही नाहीये. त्यांच्या होतं."

वाईट वाटून घेऊ नका असं म्हणणाऱ्या माणसांना एकदा सगळ्यांदेखत असं ऐकवायला हवं.

जाऊ सरावासाठी आमच्याकडेच राहिली. दोन दिवसांत तिचे पाय जमिनीवर राहीनात. सकाळी चहा पलंगावर. "अक्का, मनी साडी जरा इस्त्री करी द्या ना." काळा चष्मा आणला, तो घालून मेहरूणच्या तलावाकाठी फोटो काढून घेतले आणि मोबाइलवर स्टेटस ठेवलं. गावाकडून फोनावर फोन. माझ्या नवऱ्यानेसुद्धा जेवताना तिला म्हणावं, "तुम्ही तर घराण्याचं नाव काढलंत." मी त्यांना दुसरी पोळी वाढली नाही.

शेवटी मी गावी सासूबाईंना फोन केला. काळजीच्या सुरात म्हटलं, "आई, ही इतके दिवस लांब जाणार. गाईचं कसं व्हायचं? तुमचं कसं व्हायचं?" मला वाटलं होतं, सासूबाई एका शब्दात तिला परत बोलावतील. त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही ऐकलं नाही.

"जाऊ दे तिले," त्या म्हणाल्या. "गायले मी देखसू. ती कधी कुठे गयी का? आनि तू शे ना तिनासंगे." वर आम्हा दोघींसाठी शेंगदाण्याची चटणी पाठवून दिली. आता तिला सांभाळून नेऊन आणायची जबाबदारी माझी.

किनाऱ्यावर पोचलो ती दुपार होती. सुरूच्या झाडांमधून पाणी दिसलं आणि बसमध्ये एकच कालवा झाला. आमच्यात समुद्र पाहिलेल्या फार नव्हत्या. मीही नाही. पण मी बघत होते ते वेगळंच. प्रेक्षक कुठे बसणार, ते. खुर्च्या किनाऱ्यावर पाण्याकडे तोंड करून मांडत होते. मी मनात जागा लावून पाहिल्या आणि मला एकदम उमगलं, की आम्ही पाण्याकडे उलट्या जाणार म्हणजे आमची तोंडं खुर्च्यांकडे. आणि जाऊबाई पाण्याकडे तोंड करून चालणार, म्हणजे लोकांना तिची दिसणार फक्त पाठ. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. मी चटणीबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या. नंतर बाईंना गोड बोलून तिच्या अगदी समोरची, मधली जागा मागून घेतली. त्यांनी दिली.

उन्हं कलली तशा खुर्च्या भरल्या. बाईंनी शेवटचं बजावलं, कुणीही मागे वळून बघायचं नाही, पाणी लागलं तरी नाही. डफ वाजला.

मी नाचले. त्या दिवशी नाचले तशी कधीच नाचले नसेन. लोकांचे चेहरे मला स्पष्ट दिसत होते, आणि ते माझ्याकडेच बघत होते. समोर, चार हातांवर, जाऊ येत होती. हात डोक्यावर, मान ताठ. दर श्रावणात ती येते तशीच.

कानबाईच्या वेळी ती चालताना सारखी माझ्याकडे बघते. मी थांबले की थांबते, मी वळले की वळते. डोक्यावर ओझं असलेल्या बाईला पायाखालचं दिसत नाही, पुढे नाचणारीच्या तोंडावरून वाट कळते. मी मनात म्हटलं, बघ, शेवटी माझ्याच तालावर चाललीस.

आणि मग लक्षात आलं, की ती माझ्याकडे बघतच नव्हती.

ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. तोंड अर्धवट उघडं, डोळे भरलेले, आणि चेहरा असा काही उजळलेला, की तो मी तिच्या लग्नात पाहिला नाही, पोरं झाली तेव्हा पाहिला नाही. माझ्या पाठीमागे काहीतरी चाललं होतं. सूर्य बुडत होता का, लाट उठत होती, की दोन्ही, मला कळायला मार्ग नव्हता. मला दिसत होते फक्त तिचे डोळे, आणि ते मोठे होत चालले होते. मला सगळं सोडून वळावंसं वाटलं. लोक माझ्याकडे बघताहेत याचं मला काहीच वाटेना. टाचांना पाणी लागलं तेव्हा मी केवढी दचकले! ती दचकली नाही. तिला ते येताना दिसत होतं.

कार्यक्रम संपल्यावर लोक मला शोधत आले. मधल्या ताई तुम्हीच ना, काय बोलका चेहरा हो तुमचा, असं बरंच. मी वळून पाहिलं तोवर अंधारत आलं होतं आणि समुद्र म्हणजे नुसतं काळपट पाणी उरलं होतं.

परतीच्या बसमध्ये जाऊ माझ्या शेजारी बसली. बस निघाली तरी तोंडातून शब्द नाही. मी वाट बघितली. मग मीच विचारलं, "काय दिसत होतं गं तिकडे?"

तिने मान हलवली. "माले सांगता येत नही, अक्का."

हिला सांगता येत नाही! मी पुन्हा विचारलं नाही. तिच्याकडे एक गोष्ट होती आणि ती माझ्या वाट्याला येणार नव्हती. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "येत्या श्रावणापासून कानबाई मी घेणार आहे डोक्यावर. मान माझा आहे."

मला वाटलं, रुसेल, भांडेल, निदान गप्प तरी बसेल. ती हसली. माझा हात हातात घेतला.

"ल्या ना, अक्का. तुम्हनाच मान शे. मी नाचसू पुढे."

एवढं बोलून तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि घोरायला लागली. इतकी वर्षं मिरवलेली गोष्ट तिने क्षणात देऊन टाकली होती, आणि आता ती घ्यायची मला काडीचीही इच्छा उरली नव्हती.