बाईंसाठी एका रात्रीची खोली

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आई-वडिलांच्याही आधी मी आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचं नाव घेतो. वडिलांनाही ते मान्य आहे. ते धर्माबादच्या मिरची बाजारात हमाली करत. दहावीनंतर मीही तिथेच पोती उचलायची, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. एका दुपारी बाई बाजारात आल्या, मिरचीच्या थप्प्यांमध्ये नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या आणि शिंकत शिंकत वडिलांशी बोलल्या. काय बोलल्या ते मला आजही ठाऊक नाही. वडील संध्याकाळी घरी येऊन एवढंच म्हणाले, "लई शिंकल्या रे बाई. आता तुला शिकावंच लागतंय."

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आता मी हैदराबादेत आबिड्सच्या एका विमा कचेरीत नोकरी करतो आणि अंबरपेठेत दोन सहकाऱ्यांबरोबर तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहतो. इमारतीला लिफ्ट नाही.

बाईंनी शाळेत स्नेहसंमेलनासाठी वर्षानुवर्षं नाटकं बसवली. मी त्यांच्या हाताखाली हवालदार झालो, डॉक्टर झालो, एकदा मुलगी कमी पडली म्हणून मोठी जाऊबाईही झालो. कुणी कुठून आत यायचं, कुणी प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी स्वतः थिएटरात बसून एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. हे मला नोकरी लागल्यावर, फोनवर बोलताना सहज कळलं. त्यांनी नाटकं वाचली होती आणि रेडिओवर ऐकली होती, तेवढंच. आमच्या गावात थिएटर नाही. नांदेडला प्रयोग व्हायचे ते रात्री, आणि रात्री परतायला गाडी नाही. पुढे सासूबाईंचं आजारपण, यजमानांचं आजारपण, मग स्वतःचे गुडघे. "राहूनच गेलं बघ," एवढं म्हणून त्यांनी विषय बदलला होता.

मी मात्र तो बदलू दिला नाही. पुण्याची एक मंडळी हैदराबादेत शनिवारी रात्री एकच प्रयोग करणार असल्याचं कळलं, तेव्हा मी आधी दोन तिकिटं काढली आणि मग बाईंना फोन केला.

"नाटक संपणार कधी?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"दहा-साडेदहाला."

"मग मी झोपणार कुठे? तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावर, तीन बाप्यांत?"

कचेरीतल्या एका मराठी कुटुंबाने आनंदाने हो म्हटलं होतं, ते मी सांगितलं. बाईंना ते पटलं नाही. मध्यरात्रीपर्यंत अनोळखी माणसांना जागं ठेवायचं, सकाळी त्यांच्या मोरीत आंघोळीला नंबर लावायचा, नको. खोली बघ, म्हणाल्या. जिने नकोत, कमोड हवा, आणि भाडं मी माझ्या पेन्शनमधून देणार. "तू देणार असशील तर मी येत नाही. आणि मला न सांगता वरचे पैसे भरलेस तर मी काउंटरवर दर विचारीन, हे लक्षात ठेव."

त्या विचारतील याची मला खात्री होती.

मोबाइलवर खोल्या शोधणं सोपं वाटलं होतं. प्रत्येक फोटोत पांढरीशुभ्र चादर आणि तिच्यावर टॉवेलचा घडी घातलेला हंस. मी एका संध्याकाळी प्रत्यक्ष बघायला निघालो तेव्हा हंस कुठेच नव्हता. काचीगुडा स्टेशनसमोर एका ठिकाणी खिडकी उघडली तर हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. दुसरीकडे लिफ्ट होती, पण तिच्यात पाण्याचे जार रचलेले. खोलीपेक्षा मोठी अडचण मात्र नंतर कळली.

"किसके वास्ते?" काउंटरवरचा माणूस विचारायचा.

"हमारी टीचर हैं. अकेली रहेंगी, एक रात."

"अकेली लेडीज? नक्को भाई."

एकाने नवऱ्याचं आधार कार्ड मागितलं. बाईंचे यजमान वारले आहेत म्हटल्यावर त्याने हळहळ व्यक्त केली आणि तरीही मान हलवली. आबिड्सजवळच्या एकाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, "कितने घंटे के लिए?" माझे कान गरम झाले. मी तडक रस्त्यावर आलो आणि बराच वेळ पुस्तकांच्या दुकानासमोर उगाच उभा राहिलो. ज्या बाई आत येताच आख्खा वर्ग घाईघाईने उभा राहायचा, त्यांच्यासाठी मला हा प्रश्न विचारला गेला होता.

मोठ्या हॉटेलांत एकटीला अडवत नाहीत, हेही मी पाहून घेतलं. तिथला दर मी बाईंना सांगितला. "महिन्याचा किराणा एका उशीवर?" त्या म्हणाल्या.

शेवटी कोठी भागात, दवाखान्यांच्या गल्लीत, मनासारखं लॉज सापडलं. तिथे बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात, त्यामुळे लिफ्ट चालू, कमोड स्वच्छ आणि भिंतीला धरायला दांडा. दर बाईंच्या पेन्शनमध्ये बसणारा. शिवाय चोवीस तासांचा हिशेब. दुपारी तीनला आलात तर दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत खोली तुमची. रविवारच्या परतीच्या गाडीला हे अगदी सोयीचं होतं. मेंदी लावलेल्या दाढीचे मॅनेजर सज्जन दिसत होते. त्यांनी मला चहाही पाजला. पण एकटी म्हटल्यावर त्यांचाही चेहरा पडला.

"साब, मैं बुरा आदमी नै. पन मालिक मना करे सो है. अकेली लेडीज नै रखते."

मी लॉजच्या पायरीवर बसूनच बाईंना फोन लावला. प्रयोग आठवड्यावर आला होता आणि माझ्याकडे दुसरी जागा नव्हती.

"बाई, मी 'माझी आई' म्हणून सांगू का? मग देतील."

"तुझी आई धडधाकट आहे आणि ह्या वेळी भाकरी थापत असेल," बाई म्हणाल्या. "मी चोरून नाटक बघायला येत नाहीये. मला काय म्हणून येऊ देत नाहीत ते नीट सांग."

मी सांगितलं. मला वाटलं, आता त्या 'राहू दे' म्हणणार. बाईंच्या 'राहू दे'नंतर काही चालत नाही, हे मला शाळेपासून ठाऊक होतं.

"एकटी बाई चालत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "बायका चालतात का?"

"म्हणजे?"

"गाढवा, म्हणजे पुष्कळ बायका. आज माझ्याकडेच आमची भिशी जमलीय. सगळ्या निवृत्त शिक्षिका. आत जाऊन विचारून ये."

मी आत गेलो. मॅनेजरांनी विचारलं, किती जणी. मी फोन कानाला लावून बाईंना विचारलं, बाईंनी तिकडे कुणाला तरी हाक मारली, आणि मागून आमच्या शाळेतल्या गाण्याच्या बाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "मी बी येते की! कुठं जायचंय?"

"आठ," मी मॅनेजरांना म्हणालो. "सब टीचर."

"आठ टीचर?" ते खुर्चीतून अर्धे उठले. "तो पहले बोलना था ना! तीन रूम लगके देतूं, एकीच फ्लोर पे."

"पर एक को ना बोले, आठ को हां. ऐसा कैकू?" मला राहवलं नाही.

त्यांनी दाढी कुरवाळली. "एक आई तो लोगां पूछते, कौन है, कैकू आई. आठ आए तो कोई नै पूछता." मग आवाज खाली आणून म्हणाले, "डरते."

तीन खोल्यांचं भाडं आठजणींत वाटलं तेव्हा एकीच्या वाट्याला बाईंनी एकटीने दिलं असतं त्याच्या निम्मंही आलं नाही. बाईंनी हे ऐकून फोनवर फक्त "हं" केलं. पण त्या 'हं'मध्ये पेपर फुल्ल मार्कांचा तपासल्याचा आनंद होता. उरलेली सात तिकिटं मला शेवटच्या रांगेत मिळाली.

शनिवारी दुपारी त्या काचीगुड्याला उतरल्या. आठ जणी, आठ पिशव्या, आणि एका मोठ्या डब्यात धपाटे. लॉजमध्ये शिरताना बाई सगळ्यांत पुढे होत्या. मॅनेजर उभे राहिले ते सगळ्यांच्या नोंदी होईपर्यंत बसले नाहीत. गणिताच्या बाईंनी चोवीस तास नेमके कधीपासून मोजणार ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. एकीने खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं, ते मॅनेजरांसमोर धरलं, आणि एक शब्दही न बोलता खाली घेतलं. दहा मिनिटांत तिन्ही खोल्या पुन्हा पुसल्या गेल्या.

"अहो, हे बघा," गाण्याच्या बाई आतून ओरडल्या. "एसीचा रिमोट! घरी पोरगा हातबी लावू देत नाही."

नाटकाला आम्ही तासभर आधी पोचलो. बाई माझ्या शेजारी, बाकीच्या मागे. तिसरी घंटा झाली, दिवे गेले आणि पडदा सरकला. बाईंनी हातातली पर्स मांडीवर घट्ट धरली. नाटक विनोदी होतं. सगळं थिएटर हसत होतं, मागच्या रांगेतून आमच्या गावचं हसणं वेगळं ऐकू येत होतं. बाई हसत नव्हत्या. मला धास्ती वाटू लागली, की एवढा खटाटोप करून नेमकं त्यांना न आवडणारं नाटक आणलं की काय.

मध्यंतरात सगळ्याजणी वडे खायला गेल्या. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"बाई, आवडत नाहीये का?"

त्या पडद्याकडेच बघत होत्या. "अरे, ते थांबतात," त्या म्हणाल्या. "त्या सुनेने उत्तर द्यायच्या आधी केवढा वेळ काढला, पाहिलंस? मी एवढी नाटकं वाचली, पण थांबणं पुस्तकात छापत नाहीत. मी तुम्हा पोरांना नुसतं धडाधड बोलायला लावलं."

मग त्यांनी डोळे पुसले आणि मला वडा आणायला पाठवलं. दुसऱ्या अंकात त्या पहिल्यांदा हसल्या आणि मग शेवटपर्यंत थांबल्याच नाहीत. पडदा पडल्यावर टाळ्या वाजवायला त्या उभ्या राहिल्या. गुडघ्यांचं त्यांना भान नव्हतं. आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे बघून उठू लागले. आमच्या रांगेपासून मागे, एकेक रांग उभी राहत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॉजवर गेलो तर लिफ्टचं दार उघडायच्या आतच आवाज ऐकू आला. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. कालच्या नाटकातला सासू-सुनेचा प्रवेश चालू होता. गाण्याच्या बाई सून, गणिताच्या बाई सासू. बाकीच्या धपाटे खात प्रेक्षक झाल्या होत्या. वाक्यं निम्मी आठवलेली, निम्मी मनची.

"थांब!" बाई म्हणाल्या. "लगेच बोलू नकोस. आधी तिच्याकडे बघ. मनात तीन शिव्या दे. हं, आता बोल."

गाण्याच्या बाईंनी बघितलं, मनात काहीतरी मोजलं, आणि मग त्या बोलल्या. सगळा व्हरांडा हसला. शेजारच्या खोलीतल्या, हाताला सलाइनची पट्टी लावलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनीही दार उघडून टाळ्या वाजवल्या. मराठी त्यांना येत नसावं. मॅनेजर तक्रार ऐकून वर आले होते, असं ते मला नंतर म्हणाले. मी पाहिलं तेव्हा ते जिन्याच्या कठड्याला टेकून हातातला धपाटा संपवत होते.

दुपारी तीनला, गणिताच्या बाईंच्या हिशेबाने अगदी वेळेवर, त्यांनी खोल्या सोडल्या. बाईंनी आपला वाटा स्वतः मोजून दिला आणि मॅनेजरांना विचारलं, "अगली बार अकेली आऊंगी. देंगे?"

ते कसनुसे हसले. मग वही मिटून ठेवली.

मागच्या वेळी घाई होती; एरवी महत्त्वाचं काही असलं की बाईंना फोन चालत नाही, पत्र लागतं. पुढच्या महिन्यात मी त्यांना लिहिलेलं पत्र हे:

आदरणीय बाई,

नमस्कार. गुडघ्यांना तेल लावता ना? मुंबईची एक मंडळी येत्या महिन्यात इथे येते आहे. नाटक गंभीर आहे. गाण्याच्या बाईंना आवडणार नाही, तेव्हा त्यांना आत्ताच सांगू नका.

काल मी कोठीला गेलो होतो. मॅनेजरसाहेबांना म्हटलं, एक खोली हवी, एका रात्रीसाठी, एकाच बाईंच्या नावावर. त्यांनी विचारलं, कुठल्या. मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी मालकांना फोन लावला आणि माझ्यासमोर बराच वेळ बोलले. आठ टीचर, व्हरांडा, धपाटे, सगळं सांगितलं. मग वहीत तुमचं नाव लिहिलं आणि पुढे, कुणी न सांगता, 'अकेली' असंही लिहिलं. नियम बदलला असं मी म्हणणार नाही. दुसरी कुणी एकटी आली तर काय कराल, असं मी विचारलं तर ते 'देखते' म्हणाले. पण खोली तुमची झाली आहे, बाई. खोटं काही सांगावं लागलं नाही.

तिकिटंही काढली आहेत. तुमची जागा मधल्या रांगेत, रंगमंचाच्या बरोबर समोर. माझी मात्र सहा रांगा मागे आहे. ती मी मुद्दाम घेतली. मागच्या वेळी मी नाटक पाहिलंच नाही, दोन्ही अंक तुमच्याकडेच बघत बसलो होतो. या वेळी मला नाटक बघायचं आहे.

तुमचा विद्यार्थी