तिसरं समीकरण

“बेटा, इसमें आपका नाम कहाँ है?”

मुलाखत घेणाऱ्या पाचांपैकी एकानं तो जाडजूड ग्रंथ माझ्याकडे सरकवला. जगात कुणाच्या शोधनिबंधाचा कुणी आधार घेतला, याची ती यादी. जबलपूरच्या आमच्या विभागात व्याख्यात्याची जागा निघाली होती. मी संशोधन करत होते, तोच विभाग. माझे गाइड, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, तेही त्या पाचांत बसले होते.

माझं नाव त्या ग्रंथात नव्हतं. असणारच नव्हतं. निबंधावर जे नाव पहिलं, तेवढंच त्यात छापतात. सरांच्या नावाखाली मात्र ओळीच ओळी, आणि जवळजवळ सगळ्या एकाच निबंधाच्या. ताऱ्याभोवतीच्या वायूत त्याचा प्रकाश किती अडतो, याचा तो निबंध. त्यातलं गणित तीन वर्षं राबून मी केलं होतं. सरांना त्यातली एकही पायरी मांडता आली नसती.

मी सरांकडे पाहिलं. ते एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं.

“लड़की मेहनती है,” सर म्हणाले. “हिसाब साफ़ करती है.”

“हाँ, कोटे वाले मेहनती होते हैं,” शेजारचा म्हणाला. “पर रिसर्च अलग चीज़ है.”

सगळे हसले. सरही. आणि मी? ‘जी सर’ म्हणून, हात जोडून बाहेर आले. त्या हात जोडण्याची मला आजही किळस येते.

निबंधाचं पहिलं पान टाइप मीच केलं होतं. आधी माझं नाव वर होतं. सर म्हणाले, बड्या माणसाचं नाव पुढे असलं की बाहेरचे लोक वाचतात. मी मुकाट्यानं मशीनवर नवा कागद चढवला. कुणी हात पिरगळला नव्हता.

गढा वस्तीतल्या घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. बाबा फॅक्टरीत लेथवर लोखंडी भाग घडवायचे; त्या प्रत्येक भागाला ते जॉब म्हणत.

“काहून केलं वो माय तूनं असं?” ते म्हणाले. “आमच्या जॉबवर माहा टोकन नंबर राह्यते. बिघडला तर मलेच बोलावतेत. चांगला निघाला तरी नंबर माहाच.”

त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आठ दिवसांनी परदेशातून पत्र आलं. त्या निबंधातलं तिसरं समीकरण चूक आहे, असं एका शास्त्रज्ञाचं म्हणणं. खुलासा आला नाही तर तो तसं छापणार होता. सरांनी मला बोलावलं.

“बेटा, जवाब लिख दो. मैं साइन कर दूँगा.”

मी उभ्या उभ्याच पत्र वाचलं. चूक त्याचीच होती, एक पद तो विसरला होता. चार ओळींचं उत्तर.

“जवाब मेरा है, सर. नीचे नाम भी मेरा रहेगा.”

सरांनी आवाजही चढवला नाही. “आपकी थीसिस मेरी अलमारी में है.”

“रहने दीजिए.”

मी बाहेर आले. या वेळी हात जोडले नाहीत.

गढ्याच्या पत्त्यावरून, पूर्ण नावानिशी उत्तर पाठवलं. त्या माणसाला ते पटलं, त्यानं आक्षेप मागे घेतला. निबंध तरला. वर्षानुवर्षं लोक त्याचा आधार घेत राहिले आणि प्रत्येक ओळ सरांच्याच नावावर चढत गेली. म्हणजे माझ्या बंडाचा फायदाही त्यांनाच. माझा प्रबंध त्या कपाटातून कधी बाहेर आला नाही. मी बसनं जाऊन-येऊन सिहोऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं. बाबा गेले. मला कुणी डॉक्टर म्हटलेलं त्यांना ऐकायला मिळालं नाही.

आता सरांचा सत्कार आहे. त्याच निबंधासाठी. परवा विभागातून फोन आला, “दीदी, पुरानी छात्रा के नाते दो शब्द बोल दीजिए.”

मी तिथं गेल्यानं काही बदलणार नाही. तो ग्रंथ कुणी पुन्हा छापणार नाही. उशिरा का होईना न्याय मिळतो, असं कुणी म्हटलं की मला आता रागच येतो. पण मी जाणार आहे. भाषण करणार नाही. खडू मागेन, फळ्यावर तिसरं समीकरण लिहीन आणि भरल्या सभेत खडू सरांपुढे धरेन.

“सर, आगे का स्टेप आप कीजिए.”

ते मांडेपर्यंत मी मंचावरून उतरणार नाही.