नीट दिसतंय ना?

माझ्या मावसभावाइतका घाबरट माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. देवळाली प्रवऱ्याला त्याचा ऊस आहे, पण उसातल्या बिबट्याला तो भीत नाही. भीती एकच, मराठी अक्षरांचे चौकोनी डबे होतील ही. मोबाईलवर बघून बघून तो पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकला आणि तेव्हापासून त्याच्या जिवाला स्वस्थता नाही. 'जेवलास का' एवढं पाठवलं तरी मागोमाग फोन, "दादा, नीट दिसतंय ना?" फाईल उघडताना प्रोग्राममध्ये यूटीएफ-एट लिहायचंच, नाहीतर मराठीची वाट लागते, हे त्याने मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही बरळेन.

त्याचं कारण मावशी. तिने सांगितलेल्या श्रीगोंद्याच्या माहेरच्या गोष्टी त्याने टाईप करून ठेवल्या होत्या. दिवाळीत तिला झटका आला आणि वाचा गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो तिच्याच गोष्टी तिला वाचून दाखवतो. जीपवर चढलेल्या शेळीची गोष्ट आली की ती अर्ध्या तोंडाने हसते.

आणि नेमकी त्याच फाईलीची वाट लागली. गोष्टींना आकडे घालायला याने प्रोग्राम लिहिला आणि यूटीएफ-एट लिहायचं विसरला. पायथनने अडवलं, तर या शहाण्याने 'जमत नाही ते बदलून टाक' असं लिहून त्याचं तोंड बंद केलं. पायथनने निमूट एकेक अक्षर बदललं. पानंच्या पानं नुसती प्रश्नचिन्हं. वर धास्तीपायी प्रोग्रामला सवय लावलेली, काम झालं की जोडलेल्या सगळ्या पेनड्राइव्हवर जुनी पुसून नवी प्रत टाकायची. फोनवर तो रडत होता. "दादा, आईचं बोलणं गेलं. माझ्याच हातानं गेलं." मी गाडी काढली आणि देवळाली गाठली.

जुनी प्रत असलेला एक पेनड्राइव्ह तेवढा देवघरात होता. खंडेनवमीला कोयत्या-विळ्यांबरोबर मावशीने त्यालाही हळदकुंकू वाहिलं होतं. "पुजलेलं हत्यार हाय. मी सांगंस्तवर उचलायचं न्हाई," अशी तंबी दिली होती. नंतर सांगायला वाचाच राहिली नाही. त्यामुळे तो तिथेच, आणि याची हात लावायची छाती होईना. "उचलला आणि आईला काही झालं तर?"

शेवटी मी त्याला मावशीच्या खाटेपाशी नेलं. "आई, उचलू का?" त्याने विचारलं. मावशीने मान हलवली.

दात घासायच्या जुन्या ब्रशाने कुंकू काढलं, फाईल उघडली. अक्षरं धड होती. तो वाचायला बसला, पण चार ओळींतच उठून आईच्या पायाशी जाऊन बसला, म्हणून पुढे मी वाचलं. 'लई गुणाची शेळी हुती' हे वाक्य मावशीसारखं म्हणायला गेलो, काही केल्या जमेना. बघतो तर मावशी माझ्याबरोबर ओठ हलवत होती.